सासूबाईंचं नाक आणि शेवाळाची टाकी

आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली 'नाक' म्हणते. तोंडावर नाही अर्थात, तेवढी छाती कुणाची आहे? आणि नाव खोटंही नव्हतं. शेजारी दूध लागलं तर शेजारणीआधी ह्यांना कळायचं.

गावाबाहेरचा कारखाना समुद्रातल्या शेवाळाचा चिकट अर्क काढून घेतो. उरलेला चोथा पूर्वी किनाऱ्यावर फेकायचे, नुसत्या माशा घोंघावायच्या. सासरे गेल्यावर सासूबाईंनी तो चोथा उचलायला सुरुवात केली. शेडमध्ये खोल टाकी बांधली, त्यात चोथा कुजवून बागांसाठी पातळ खत केलं आणि त्यावर एकुलत्या एका पोराला लहानाचं मोठं केलं. तोच पोरगा म्हणजे आमचे हे.

चोथा कुजायला लागला की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. तो गेला की खत तयार, असा सासूबाईंचा हिशेब. टाकीच्या तोंडाशी वाकायचं, हुंगायचं आणि निकाल द्यायचा. माझ्याबद्दल मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या सूनबाईंना नाक फक्त मुरडायला दिलंय देवानं."

त्या दिवशी ढवळणीचं पातं तुटून टाकीच्या तळाशी पडलं होतं. वरचं पाणी उपसून झालं होतं, खाली गुडघाभर चोथा उरला होता. मायलेक सकाळपासून शेडमध्येच होते. मी दुपारी चहा घेऊन गेले, तर दारातच वासाचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं.

आत सासूबाई टाकीवर वाकलेल्या. "वास अगदी गेलाय. उतर रे," त्या म्हणाल्या.

"आई, काय बोलताय? दारात उभं राहवत नाहीये!"

"आल्या मोठ्या हुंगणाऱ्या! इतकी वर्षं मी काय करतेय इथं?"

हे शिडीवर पाय ठेवून हसत होते. "अगं, आईचं नाक कधी चुकलंय का?"

माझं डोकंच फिरलं. "नसेल चुकलं! पण ही दोरी कमरेला बांधल्याशिवाय उतरायचं नाही, सांगून ठेवते!" दोरी खरं तर पातं ओढायला आणली होती. माझं तोंड बंद करायला म्हणून ह्यांनी ती बांधली आणि खाली गेले.

"चहात साखर घातलीस ना, की नेहमीसारखी वि..."

वाक्य तिथंच तुटलं. खाली धप्प आवाज झाला.

सासूबाईंनी एक हाक मारली आणि थेट शिडीवर पाय टाकला. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांनी मला बोचकारलं, "सोड! माझं लेकरू आहे ते!"

"तुम्ही उतरलात तर दोघंही जाल! दोरी ओढा, आई, दोरी!"

त्यांनी शिडीवरचा पाय मागे घेतला. मग दोरीला अशा भिडल्या की तळहातांची सालटी निघाली. मी रडत होते, शिव्या देत होते, ओढत होते. ह्यांचं डोकं काठाला आपटलं, पण हे वर आले. ओढत दाराबाहेर नेलं. ओठ निळे पडले होते. उघड्या हवेत कितीतरी वेळानं छाती हलली आणि ह्यांनी माझ्या मांडीवर भडाभडा ओकून टाकलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, सडक्या अंड्यांच्या वासाचा हा वायू जास्त झाला की आधी नाक मारतो, मग माणूस. वास गेला नव्हता, नाक गेलं होतं. घरी आल्यावर सासूबाईंनी करवत घेतली आणि शिडीचे तुकडे केले.

टाकी आता बाहेरून, पाइपानं धुतात. आत कुणीही उतरत नाही. खत तयार झालंय का, हे बाटलीत नमुना काढून अंगणात बघतात. आणि शेडचं दार उघडायच्या आधी सासूबाई मला घरातून बोलावतात.

"सूनबाई, सांग. येतोय वास?"

"येतोय की."

"मग लांब हो."

परवा खरंच काही येत नव्हतं. मी म्हटलं, "आज नाही येत, आई."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला फरफटत पार फाटकाबाहेर नेलं.