एकशे पंच्याऐंशी अंशांचा त्रिकोण

इथे आखातात, सनद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, चहा झाला की, जेवणाच्या टेबलावर माझा प्रयोग असायचा. प्रेक्षक एकच, सातवीतली माझी मुलगी. त्रिकोणाचे दोन कोन दिलेले, तिसरा शोधायचा. दोन्हींची बेरीज एकशे ऐंशीतून वजा केली की झालं. काम दोन मिनिटांचं, मी ते पाऊण तास चालवायचो. तिसरा कोन म्हणजे मांडवातून पळालेला नवरदेव आणि मी त्याच्या मागावरचा फौजदार, मिशीवर ताव देत. आठवडाभर मी साइटवर, ती शाळेत. हा पाऊण तास तेवढा आमचा. ती पोट धरून हसायची आणि शेवटी कपाळावर हात मारून म्हणायची, "ओह, सो इट्स फॉर्टी." त्या 'ओह'साठी मी आठवडा काढायचो.

एकदा फौजदारकीच्या भरात मी कोन दिले एकशे पंधरा आणि सत्तर, आणि पाणी प्यायला आत गेलो. परत येतो तर उत्तर तयार: पंचेचाळीस. वही जवळ ओढली. माझे सत्तर खोडून तिने गुपचूप वीस केले होते. का, ते कळायला मला वेळ लागला. माझ्या दोनच कोनांची बेरीज एकशे पंच्याऐंशी होत होती. असा त्रिकोण काढताच येत नाही.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"खालच्या आंटींनी. सिन्स जानेवारी."

तेव्हा मे चालू होता.

"मग ते 'ओह' कशाला?"

"यू लाइक इट, बाबा."

स्वयंपाकघरातला झारा थांबला.

"आईला माहीत होतं?"

"अरे, तुला वाईट वाटलं असतं," आतून उत्तर आलं. "आणि पेपरात मिशीला मार्क नसतात."

चार महिने मी स्वतःला नट समजत होतो. खरी नटी समोर बसली होती, आणि दिग्दर्शिका आत पोहे परतत होती.

"मग आता शुक्रवारी काय?" मी शक्य तेवढ्या घायाळ आवाजात विचारलं.

"कॅन आय गो टू अमवाज? माझी तिथली फ्रेंड केव्हाची बोलावतेय."

केव्हाची.

पुढच्या शुक्रवारी गाडी मीच काढली. वाटभर ती फोनवर मेसेज करत होती. "यल्ला, निघते, बाय बाबा," म्हणून उतरली आणि मैत्रिणीच्या दाराकडे पळालीच.

घरी आलो तर बायको जेवणाच्या टेबलाशी, माझ्या प्रयोगाच्या जागी, मेथी निवडत बसली होती. सगळं माहीत असून लपवणाऱ्या तिच्याशी मी बोलणार नव्हतो.

"टेबल रिकामंच होतं," ती म्हणाली.