गुणाचं बाळ

माझी धाकटी बहीण रडत नसे. पाळण्यात ठेवावी तशी पडून राही. पाजायलाही तिला उठवावं लागे. गल्लीतल्या बायका म्हणत, "लई गुणाची पोर हाय!" आई सुखावे. मी तिच्या शेजारी बसून पत्रकं लिहीत असे, दारूबंदीची, स्वदेशीची, स्त्रीशिक्षणाची. तिचा मला अडथळा नव्हता, म्हणून मलाही ती गुणाचीच वाटे.

चार वर्षांची झाली तरी ती उभी राहीना. जीभ ओठांबाहेर, कातडी कोरडी, अंग गार. शहरात नव्याने आलेल्या डॉक्टरांनी बघताच सांगितलं, हिच्या गळ्यातली एक ग्रंथी काम करत नाही. मेंढीच्या त्याच ग्रंथीची गोळी रोज द्यायची. "चालायला लागेल. बुद्धीचं मात्र... तान्हेपणी आणली असती तर!"

हा रोग विरळा. सोलापुरातल्या सुईणींना, वैद्यांना तो ओळखता येत नव्हता. डॉक्टरांना व्याख्यान देऊन तो त्यांना दाखवायचा होता आणि दाखवायला माझी बहीणच होती. मी पेटलो. 'अज्ञान हेच पाप' असं पत्रक छापून वाटलं. आई तयार होईना, तेव्हा तिला ऐकवलं, "लपवणं हीच खरी लाज!"

व्याख्यानाला आईनं बहिणीला जरीचं परकर-पोलकं घातलं, काजळ-तीट लावली. डॉक्टरांनी तिला टेबलावर बसवून कपडे उतरवले, तीट पुसली. जीभ, फुगलेलं पोट, वर आलेली बेंबी, एकेक दाखवलं. मागून एक वैद्य म्हणाले, "बेडूकच की हो!" हशा पिकला. मी मान खाली घालून उरलेली पत्रकं सारखी करत राहिलो. आईनं बहिणीचे गार पाय पदरात घेतले आणि ती तिथंच उभी राहिली.

एक सुईण हसली नव्हती. "सायेब, असली पोरं रडत बी न्हाईत का?"

"फार कमी."

"मग आमच्या हातचं एक हाय की. विणकरांच्या गल्लीत, दोन म्हैन्यांचं. समदी म्हनत्यात, लई गुणाचं."

बहिणीला घेऊन आई आणि मी तिच्याबरोबर गेलो. सुईणीनं बाळाला दवाखान्यात न्यायचं म्हणताच बाळाची आई तेलुगू वळणाच्या मराठीत कडाडली, "माझं बाळ शांत आहे ते बघवत नाही का तुम्हाला?" सासू दार लावायला लागली. मी भाषणाला तोंड उघडलं.

"तू गप बस," आई म्हणाली. तिनं बहिणीला उंबऱ्यावर बसवलं, डोक्याची कुंची काढली. "ही पण अशीच गुणाची होती, बाई."

त्या बाईनं बहिणीकडे पाहिलं. मग आत जाऊन झोपलेल्या बाळाच्या तळपायाला हात लावला, आणि त्याला लुगड्यात गुंडाळून बाहेर आली. "दवाखाना कुठं?"

दोघी पुढं चालल्या, एकीच्या कडेवर ते बाळ, दुसरीच्या कडेवर माझी बहीण. मी मागं, काखेत पत्रकांचा गठ्ठा. आई दमली होती. बहिणीला माझ्याकडे दे, एवढंही मला म्हणवलं नाही.