आलेखातला सपाट तुकडा

भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी टिंगल करणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण अजून अंगावर काटा येतो, म्हणून लिहिते.

मी हिंजवडीत सिम्युलेशन करते. हडपसरच्या आमच्या लॅबमध्ये पोलादी कडी तुटेपर्यंत हळूहळू ओढतात, तीच ओढ मी कम्प्युटरवर देते. तिथे सकाळभर चालणारी टेस्ट मॉडेलमध्ये क्षणभरात उरकायची, नाहीतर गणित महिना खातं. मग मॉडेलची वेळ ताणून खऱ्या घड्याळाशी जुळवायची.

त्या दिवशी खंडेनवमी होती. गणित आदल्या संध्याकाळीच पूर्ण झालेलं, मी आलेख सकाळी उघडला. ताण सरळ चढत गेलेला — आणि मध्येच सपाट. थोडा वेळ तसाच, मग एकदम शून्य. म्हणजे कडी तुटली. मी तर ताण न थांबता वाढवायला सांगितलं होतं.

आमचे टीमलीड जोशी सर मागून डोकावले. "वा. मॉडेलने मध्ये चहा घेतलेला दिसतोय."

मी चिडून वेळ जुळवायला बसले. हडपसरची टेस्ट सकाळीच सुरू झाली होती. तिच्या घड्याळाशी जुळवलं, तर सपाट तुकडा नेमका आत्ताचा निघाला. म्हणजे आलेखाप्रमाणे कडी तुटायला थोडाच वेळ उरला होता. लॅबमध्ये मशिन चालवणाऱ्या गायकवाडकाकांना फोन लावला.

"काका, टेस्ट चालू आहे ना?"

"थांबवलीय ताई. क्लायंटची घाई, म्हणून पूजेआधीच चालू केली न्हवं का... मशिनला हार घालायचा राहिला. मशिनभवतीच्या जाळीच्या आतच हाय मी."

"आणि कडीवरचा ताण?"

"हाय तसाच. उतरवला तर पहिल्यापासनं करावं लागंल."

"काका, बाहेर या. आत्ता."

"अवो, कुंकू तरी लावू द्या —"

"काकूंची शपथ आहे तुम्हाला. बाहेर या."

चपलांचा आवाज, जाळीचं दार लागल्याचा आवाज... आणि धाडकन काहीतरी फुटलं. मी नुसती 'काका, काका' करत होते.

"हाय ताई, हाय," शेवटी काका बोलले. "कडीचा तुकडा जाळीवर बसला. नारळ फोडायचा व्हता... आता ऱ्हाऊ द्या."

मी ऑफिसात अक्षरशः उड्या मारल्या. रडत होते आणि हसत होते.

सरांनी तीच फाइल पुन्हा चालवायला लावली, मग परत एकदा. रेषा सरळ, सपाट कुठेच नाही. तो पहिला आलेख मी जपून ठेवलाय. त्या सपाट तुकड्यात गायकवाडकाका हार घेऊन आत उभे आहेत. आणि आदल्या संध्याकाळी तो तुकडा उमटला, तेव्हा तो हार अजून ओवलाही नव्हता.