काकूंचा टाका

गाद्यांच्या खोळी शिवण्यात काकूंची उभी हयात गेली. "माझा टाका तुटायचा नाही," ही त्यांची मिजास. शर्यतीच्या सकाळी लेकीचा पोहण्याचा पोशाख पाठीवर फाटलेला दिसला, तेव्हा त्यांनी खोळीचाच जाड दोरा घेतला आणि घट्ट, सरळ टीप मारली.

"आई, जरा सैल ठेव ना, ते कापड ताणलं जातं," लेक म्हणाली.

"मला शिकवू नकोस!" काकू खेकसल्या.

तलावाकाठच्या चौथऱ्यावर उडी मारायला लेक वाकली आणि टर्रकन आवाज झाला. पाठीवर हात धरून ती खाली उतरली, ती पुन्हा पाण्याकडे फिरकलीच नाही.

घरी काकूंनी पोशाख उलटापालटा करून पाहिला. टाका जागच्या जागी शाबूत होता. त्याच्या कडेकडेने कापड मात्र वीतभर फाटलं होतं.