निळ्या रंगाखालचा अर्थ

आमच्या घरात चळवळीच्या पत्रकाचा मजकूर पक्का होईपर्यंत कोणी जेवत नसे. बाबा एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत, "याले अर्थ काय?" उत्तर आलं नाही की ओळ गेली. हाच 'अर्थ' शब्द एक दिवस मूर्तिजापूरच्या अलीकडे, भर रस्त्यात माझी मानगूट धरेल असं वाटलं नव्हतं.

ताईची अकोल्याला नोकरीसाठी टायपिंगची चाचणी होती. लेखी परीक्षा ती कशीबशी पार करून आली होती आणि वयाची मर्यादा याच वर्षी संपत होती. वेळ टळली की केंद्राचं फाटक उघडणार नव्हतं.

बडनेरा सुटलं आणि आमची मोटारसायकल चाळे करू लागली. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणे, हॉर्न दाबला की मीटर विझे. मग इंजिनच गप्प झालं. सेल्फ मारला तर नुसतं कट् कट्.

"काय झालं बे?" ताईनं मागून विचारलं.

"बॅटरी गेली असन."

"कालच तं दुकानात तपासली."

एक एसटी आली. आम्ही दोघांनी हात केले. ती थांबली नाही. मी भडकलो. गाड्या कमी करणारं सरकार, खड्डे बुजवल्याचं दाखवणारे ठेकेदार, सगळे एका दमात काढले. ताईनं हेल्मेट काढलं.

"भाषण नोको देऊ. सीट खोल."

माझ्या पिशवीत सभेच्या भोंग्याच्या जाड वायरीचा तुकडा होता. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर दाबलं. "मार सेल्फ." इंजिन धडधडलं. वायर काढली, मेलं. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती; करंटची परतीची वाट तुटली होती.

"मंग आता काय, तू हे धरून बसतं का अकोल्यापर्यंत?"

बॅटरीपासून निघालेली काळी वायर सीटखाली फ्रेमला बोल्टनं कसलेली असते. मेकॅनिक तिला अर्थ म्हणतात, इंग्रजी अर्थिंगमधला. बोल्ट हातानं फिरत होता, आणि त्याच्याखाली रंगाचा जाड थर. जयंतीच्या मिरवणुकीसाठी आम्ही दोघांनीच फ्रेम निळी केली होती, बोल्टची जागाही न सोडता. रंगातून करंट जात नाही. इतके महिने बोल्टच्या आट्यांवर निभावलं. खड्ड्यांनी बोल्ट ढिला केला आणि तेही संपलं.

"ताई, गाडीले अर्थच भेटून नाई राहिला."

"खरवड मंग."

माझा हात थांबला. तेवढ्यात समोरून अमरावतीकडे जाणारा कापसाचा टेम्पो हळू झाला. ड्रायव्हर हसत ओरडला, "काहून भाऊ, जयंतीची गाडी अजून घरी नाई पोचली का?" मी त्याच्यावर फेकायला दगड उचलला होता. ताईनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तो गेला. माही येळबी जाऊन राहिली."

"पण हा निळा..."

"नोकरी लागली तं अख्खी गाडी निळी करीन. सरक."

दगडानं, मग घराच्या चावीनं, ती घासत सुटली. निळा भुगा पडत राहिला, खालून पांढरं लोखंड चमकलं. मी वायरीची रिंगही घासली, पान्यानं बोल्ट करकचून आवळला. हॉर्न दाबला. मीटर विझलं नाही.

अकोल्यात शिरलो तेव्हा ताई मागून एकच बोलत होती, "थांबू नोको." केंद्रावर शिपाई फाटक लोटत होता. ती चालत्या गाडीवरून उतरली आणि हेल्मेटसकट आत घुसली. फाटक लागलं, तेव्हा मी इंजिन बंद केलं.

चाचणी संपवून ताई बाहेर आली. तिनं बोटं पुढे केली. नखांत निळा रंग बसला होता.

"आतली बाई म्हणे, शाई हाय का? पुसून या. मी म्हटलं, नाई निघत मॅडम, टायपिंग पाहा."

"मंग?"

"पाह्यली. एकबी चूक नाई म्हणे." ती मागं बसली. "मार सेल्फ."