तळहातावरचा संगणक आणि दुधाची रांग

"आवं शेक्रेटरी, किटलीत दुधाचं दही झालं, तुमचं डबडं अजून इचारच करतंय!" रांगेच्या टोकाची म्हातारी ओरडली.

बिद्रीजवळच्या आमच्या डेअरीत वीज नव्हती. दुधाची नोंद मी तळहाताएवढ्या लिनक्स संगणकावर करत होतो. काल प्रोसेसर पूर्ण वेगात पळवला, तर तो असा तापला की वर भाकरी भाजली असती. अर्ध्या रांगेतच बॅटरीनं मान टाकली आणि म्हातारीसकट निम्म्या गावाचं दूध परत गेलं. म्हणून आज वेग निम्म्यावर आणला. एक नोंद होईस्तोवर लावलेला ऊस तोडणीला यायचा, पण म्हातारीचंही दूध नोंदवून झालं तरी बॅटरी शिल्लक!

मी छाती फुगवली. "टिकलं का न्हाय डबडं?"

"टिकलं," म्हातारी म्हणाली. "उद्या बसायला पाट घिऊन येते."