सात दिवसांची नोटीस

मनीषाचा फोन आला, तेव्हा तीन दिवसांनी होणाऱ्या सभेचे इतिवृत्त मी आधीच लिहून ठेवत होतो. "काका, दामोदर गुरुजी गेले जी. सकाळी चहा घेता घेता..." मी फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेले वाक्य पूर्ण केले, 'अध्यक्षस्थानी दामोदर गुरुजी होते.' शाई वाळेपर्यंत त्या वाक्याकडे पाहत बसलो. रडू आले नाही. पाच आठवडे झाले, अद्याप आलेले नाही.

गुरुजी अड्याळचे, विज्ञानाचे शिक्षक. निवृत्तीनंतर खेड्यांतल्या मुलामुलींच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी शिष्यवृत्ती सुरू केली. विश्वस्त तिघे : ते, कोशाच्या रेशमी कापडाचे भंडाऱ्यातले एक व्यापारी आणि तिथेच वकिली केलेला मी. अट एकच होती. अर्जदाराने वर्षभर आपल्या गावच्या तलावाकडे लक्ष द्यायचे. मासेमारी करणाऱ्या एखाद्या वृद्ध ढिवरासोबत पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून हिंडायचे, कोणती मासोळी नाहीशी झाली, बेशरमाची झुडपे कुठवर सरकली, कुणाचा नांगर तलावाच्या पोटात शिरला, हे टिपायचे आणि ग्रामसभेत उभे राहून विचारायचे. मुलाखतही पाळीवरच होई. "टेबलासमोर पोरं पाहुण्यावानी बोलतेत," गुरुजी म्हणत, "पाळीवर घरच्यावानी." नियमावली माझी. तिचे पाचवे कलम, सरपंचाच्या सहीचा वर्तणुकीचा दाखला, हेही माझेच.

मनीषा साकोली तालुक्यातल्या एका लहान गावची. तलावाच्या पोटात धान कुणी लावले, हे तिने भर ग्रामसभेत विचारले. धान सरपंचाच्या भावाचे होते. दाखला मिळाला नाही. इकडे वनशास्त्राच्या प्रवेशाची मुदत जवळ आलेली. गुरुजी तिला घेऊन माझ्याकडे आले.

"वकीलसाहेब, ज्याले सवाल कराले आपण पोरीले शिकवतो, त्याच्याच दारात सही मागाले कायले धाडता?"

मी म्हणालो, "कलम बदलायला सभा हवी आणि सभेला सात दिवसांची नोटीस."

"आपण दोघं इथंच बसलो आहो. तिसऱ्याले फोन लावा."

"फोनवर सभा होत नाही, गुरुजी."

"तुमच्या कायद्यात पोरगी म्हातारी होऊन जाईन जी!" ते हसले. निघताना माझ्याकडे बोट करून तिला म्हणाले, "भिऊ नको बाई. यायले राग आला का पत्र लिहितेत."

त्यांचे म्हणणे बरोबर होते, हे मला त्याच क्षणी कळले होते. तरीही मी नोटीस काढली. चौथ्या दिवशी ते गेले.

व्यापारी विश्वस्त म्हणाले, तेरवीनंतर पाहू. मुदत तेरवीच्या आधीच संपत होती. एका दिवसाचीही सवलत न देणारा मी आता त्याच तारखेसाठी हट्ट धरून बसलो. अखेर गुरुजींच्या पत्नीला विचारले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "घ्या सभा," त्या म्हणाल्या. "ते असते तं तुमच्यासंगं भांडून आधीच घेतली असती."

नोटिशीच्या सातव्या दिवशी अड्याळच्या तलावाच्या पाळीवर आम्ही उरलेले दोघे विश्वस्त बसलो. पाचवे कलम रद्द केले. यापुढे दाखला द्यायचा तो अर्जदारासोबत वर्षभर हिंडलेल्या ढिवराने. मनीषासोबत आलेल्या म्हाताऱ्या ढिवराने अंगठा उठवला आणि बोट धोतराला पुसत विचारले, "माह्या अंगठ्यानं चालते का जी?" चालले. तिला प्रवेश मिळाला.

मागच्या आठवड्यात त्या धानाच्या अतिक्रमणाबाबत मी तहसीलदारांना पत्र लिहिले. माझ्या पत्रांचे मसुदे गुरुजी आधी वाचत आणि विशेषणे पेन्सिलने खोडत. "राग राहू द्या, शिव्या काढा," एवढाच शेरा समासात असे. त्यासाठी मी डावीकडे चार बोटे जागा सोडतो. याही मसुद्यात सोडली... ती कोरी आहे. 'निर्लज्ज' हा शब्द दोनदा आला आहे. पत्र तसेच रवाना केले.